तळ्याकाठची पोलादी पाती

दादाने आयुष्यात पुष्कळ काम केलं, पण त्याच्या हातची आणि चारचौघांना दिसेल अशी गोष्ट एकच होती. मिनेसोटातल्या आमच्या उपनगरात, बागेतल्या तळ्याच्या काठावर, एका जाड खांबाभोवती फिरणारी तीन पोलादी पाती. नगरपालिकेच्या कागदांत तिचा उल्लेख शिल्प असा होता, आणि ते खरंही होतं. पण त्या शिल्पातून वीज निघायची. त्यातलं शिल्प दुसऱ्याचं, वीज दादाची.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. पेट्रोलसाठी लावलेल्या रांगा लोकांच्या अजून लक्षात होत्या, आणि ऊन, वारा असल्या फुकटच्या गोष्टींबद्दल माणसं गंभीरपणे बोलत होती. बागेत एखादं शिल्प उभारायचं नगरपालिकेच्या मनात होतं, आणि ते नुसतं उभं न राहता काही कामाचं असावं असं कौन्सिलमधल्या कुणाला तरी सुचलं. आमच्याकडे हिवाळ्यात तळं गोठतं, मुलं त्यावर स्केटिंग करतात, आणि अंधार तर चार-साडेचारलाच पडतो. तेव्हा वाऱ्यावर फिरणारं शिल्प आणि त्याच्या विजेवर तळ्याभोवतीचे दिवे, असं ठरलं.

शिल्पकार जवळच्या एका कॉलेजात शिकवायचा. शेतकऱ्याच्या घरचा, थोराड बांध्याचा आणि फार हळू बोलणारा माणूस. पाती कशी दिसायला हवीत ते त्याला पक्कं माहीत होतं. ऑक्टोबरात रानहंस पाण्यावरून उठतात त्या वेळी पंखांना जो बाक येतो, तसा बाक त्याला हवा होता. त्यातून वीज कशी काढायची ते मात्र माहीत नव्हतं. गावाच्या साप्ताहिकात मदतनीस हवा अशी छोटी चौकट आली. दादा विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. तो जन्मात कुठल्या समितीच्या वाटेला गेला नव्हता, त्या संध्याकाळी मात्र जेवण अर्धवट टाकून शिल्पाच्या समितीकडे गेला.

आमच्या वडिलांचं सांगलीकडे ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं. दादा तिथेच मोठा झाला. मीही तिथेच वाढलो, पण मागच्या खोलीत पुस्तक घेऊन. मला आजही खिळा सरळ ठोकता येत नाही. दादानेच मला अमेरिकेत बोलावून घेतलं, आणि मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्याकडच्या भाषांतली पुस्तकं लावायच्या कामाला लागलो. दादाच्या घरापासून दहा मिनिटांवर माझं अपार्टमेंट होतं. रोजचं रात्रीचं जेवण त्याच्याकडे.

त्या वर्षी दादाच्या गराजमध्ये गाडी उभी करायला जागा उरली नाही. भंगारातून आणलेली ट्रकची चाकं, बेअरिंगं, तांब्याच्या तारांची भेंडोळी. शिल्पकार शनिवारी यायचा आणि दोघं वाद घालायचे. त्याला बाक जास्त हवा होता. दादा म्हणायचा, इतका बाक दिला तर वारा धरलाच जाणार नाही, निसटून जाईल. शिल्पकार हळूहळू तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. शेवटी दादाने त्याचं ऐकलं. मला म्हणाला, "बघणाऱ्याला पाती दिसणार आहेत, माझा डायनामो नाही. दिवे जरा मंद लागतील. लागू देत."

पाती बसली त्या दिवशी वहिनींनी गाडीतूनच एकदा वर पाहिलं. वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायच्या आणि दादाच्या गराजबद्दल त्यांची मतं ठाम होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांनी एवढा खटाटोप करून गावात तीन सुपं उभी केली. आता पाखडायला काहीतरी आणा म्हणावं." दादा हसला. तो त्या दिवशी कशालाही हसत होता. जरा वारा आला आणि ती सुपं काही आवाज न करता वळली, मग थांबली, मग पुन्हा वळली आणि फिरतच राहिली. दादा खांबाला हात लावून उभा होता. तो आतली थरथर तपासत होता हे मला नंतर कळलं.

दिवे खरोखरच मंद लागायचे. वारा असला की बरे, वारा पडला की बॅटऱ्यांवर कसेबसे. पण मुलांना त्याचं काही नव्हतं. उलट दिवा मंद झाला की ती ओरडून वाऱ्याला बोलवायची.

पुढच्या शरद ऋतूत खंडेनवमी आली. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथ बंद असे. आदल्या संध्याकाळी सगळी यंत्रं पुसून, तेल देऊन ठेवायची, सकाळी हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी लेथचा पट्टा कुणी गंमत म्हणून हातानेसुद्धा फिरवायचा नाही. दसऱ्याला सकाळी वडील स्वतः यंत्र सुरू करायचे. अमेरिकेत इतकी वर्षं दादा घरातले नट आवळायचे पाने आणि पक्कड पाटावर मांडून हे करत होता. आता त्याच्याकडे खरं यंत्र होतं.

त्याने शिल्पाचा ब्रेक ओढला. खांबाच्या बुडाशी ट्रकच्या हँडब्रेकसारखी एक लांब दांडी होती, ती ओढली की खालची तबकडी आवळली जाई आणि पाती थांबत. मग त्याने एकेक बोल्ट तपासला, फिरता भाग खांबावर बसतो तिथलं कडं, म्हणजे कॉलर, धुतली, ग्रीस भरलं. कडाक्याच्या थंडीने मारायच्या आत वहिनींनी अंगणातला झेंडू खुडून दिला होता, त्याची माळ खांबाला घातली. आणि दिवसभर ती पाती भर वाऱ्यात थांबलेली राहिली.

नगरपालिकेत फोन गेले की शिल्प बिघडलं. बागेचा सुपरवायझर धावत आला. हा नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचा नातू, साठीला टेकलेला, एका वाक्यात काम भागत असेल तर दुसरं न बोलणारा. दादाने त्याला सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, आमच्याकडे यंत्राला वर्षातून एक दिवस विसावा देतात, त्याचा मान ठेवतात. सुपरवायझरने माळेकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, आणि विचारलं की नारळ फोडला त्याचं पुढे काय करायचं. दादाने अर्धी वाटी त्याच्या हातात दिली. पुढच्या वर्षापासून त्या दिवशी तो सकाळीच यायचा, थर्मासमधून माझ्यासाठीही कॉफी आणायचा आणि खोबऱ्याचा तुकडा चघळत दादा बोल्ट तपासतो ते बघत उभा राहायचा. त्याच्या लेखी ती वार्षिक देखभाल होती. एका परीने होतीच.

असं काही वर्षं नीट चाललं.

एका नोव्हेंबरात दुपारी गोठता पाऊस पडायला लागला. तो पडताना पाणी असतो आणि टेकला की बर्फ. अशा वेळी पात्यांवर बर्फाचा थर धरतो, आणि पाती फिरती असली तर तो सुटून लांब फेकला जातो. म्हणून दादा असा पाऊस दिसला की ऑफिसातून निघून ब्रेक ओढायला जायचा. त्या दुपारीही गेला. मग बागेतल्या सार्वजनिक फोनवरून माझ्या ग्रंथालयात त्याचा फोन आला. म्हणाला, ब्रेक जॅम झालाय, दांडी हलत नाही, बर्फाने धरली असणार. माझ्याकडे आणखी नाणं नाही, तू सुपरवायझरला फोन लाव.

मी फोन लावला. पण सुपरवायझर पोचायच्या आधीच पात्यावरून बर्फाची ताटाएवढी लादी सुटली आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीची काच फोडून आत पडली. गाडीत कोणी नव्हतं. गाडीची मालकीण दोन लहान मुलांना घेऊन वीसेक पावलांवर होती.

सुपरवायझर आला, त्याने एका हाताने दांडी ओढली आणि पाती थांबली.

दादा तिथेच उभा होता. त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं असं सुपरवायझर मला नंतर म्हणाला. एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर दादाने वहिनींना डब्याचं झाकण उघडायला दिलं. ते झाकण आठवडाभर तो त्यांनाच देत होता, पण त्या दिवशी दोघांच्या एकदम लक्षात आलं. मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, मग अजून एक ठिकाण. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणारे मज्जातंतू एकेक करून मरत जाणारा तो आजार होता. तिसऱ्या डॉक्टरांनी आमच्यासमोर खुर्ची ओढून घेतली आणि बसून सांगितलं. औषध नव्हतं. वहिनी स्वतः हॉस्पिटलात काम करणाऱ्या, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न मीच विचारले, आणि सगळ्यांची उत्तरं त्या डॉक्टरांनी इतक्या मवाळपणे दिली की घरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं की उत्तर एकच होतं.

त्या हिवाळ्यात पाती ब्रेक लावून ठेवली होती. नगरपालिकेच्या विमा कंपनीने पत्र पाठवलं होतं. फिरतं शिल्प असंच ठेवायचं तर आम्ही विमा देणार नाही. ते उतरवा, नाहीतर कायमचं थांबवा. यावर उन्हाळ्यात कौन्सिलची जाहीर सुनावणी होईल असं ठरलं.

शिल्पकार दादाला भेटायला आला. तोपर्यंत दादाचे दोन्ही हात गेले होते आणि पाय अडखळत होते. शिल्पकार त्याच्यासमोर बसला आणि आपल्या त्या संथ आवाजात म्हणाला की उतरवण्यापेक्षा थांबवलेलं बरं, निदान आकार तरी राहील. त्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. त्याचे रानहंस थांबले तरी रानहंसच राहणार होते. शिल्पकार गेल्यावर दादा मला म्हणाला, "त्याचं उरतं रे. माझं काय उरतं?"

दादाने इतक्या सरळपणे काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण त्या उन्हाळ्यात त्याने मागितलं. मी जिवंत आहे तोवर ते फिरलं पाहिजे, म्हणाला. आणि ते बोलायला तू जा. तुझं इंग्लिश चांगलं आहे.

आम्ही पंधरा दिवस त्या भाषणावर बसलो. दादा सांगायचा, मी लिहायचो. बर्फ धरण्याआधी आपोआप लागणारा ब्रेक कसा बसवता येईल, त्याला काय काय लागेल, हिवाळ्यातले धोक्याचे दिवस किती थोडे असतात. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायच्या. एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, त्यात एवढं तरी घाला की ही सुपं माझ्या झेंडूवर वाढलीत. बायका असतील ना कौन्सिलात." दादाची मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजात होती, तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इट्स गुड, काका. जस्ट डोन्ट रीड इट. टॉक टू देम." मी तिला सांगितलं की मला वाचल्याशिवाय बोलता येत नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या तळघरातल्या सभागृहात होती. दादाला तिथला जिना जमणारा नव्हता, म्हणून तो घरीच राहिला. पन्नासेक माणसं आली होती. फुटक्या काचेच्या गाडीची मालकीण होती, आणि ती चिडलेली नव्हती. ती म्हणाली, ते शिल्प मला आवडतं, माझी मुलं त्याच दिव्यांत स्केटिंग शिकली, पण त्या दिवसानंतर मी त्यांना तिकडे नेऊ शकलेले नाही. ती बोलताना रडली. तिचं खोटं नव्हतं.

मग सुपरवायझर उठला. त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. तो हॅट हातात घेऊन उभा राहिला आणि माझ्या आठवणीत तो एकदाच इतकं बोलला. म्हणाला, हा माणूस दरवर्षी एक दिवस ते यंत्र थांबवतो, धुतो, फुलं घालतो, त्याच्या देशात यंत्राचा असा मान ठेवतात. इतकी काळजी घेतलेलं दुसरं काही या गावात नाही. तो आमच्या बाजूने बोलत होता. सगळ्यांना ते आवडलं. कुणीतरी टाळीही वाजवली.

मग मी उभा राहिलो आणि तीन मिनिटांत आपोआप लागणाऱ्या ब्रेकबद्दल वाचलं. वाक्यं चांगली होती. वाचताना मला कळत होतं की ती कोणालाच ऐकायची नाहीत. त्यांचं मन अजून फुलांपाशी होतं.

अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका होत्या. पांढरे केस, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, आभार मानले, दादाच्या तब्येतीची चौकशी केली आणि त्यासाठी प्रार्थना करत असल्याचं सांगितलं. मग जरा पुढे झुकून म्हणाल्या, "मला त्या प्रथेबद्दल ऐकून फार बरं वाटलं. तुमच्या भावाने आम्हाला एक मार्ग दाखवलाय असंच मी म्हणेन. यंत्र थांबवणं हा त्याचा मान आहे. आपण त्याला तोच मान देऊ या. त्याने खूप काम केलं, आता त्याला कायमचा विसावा देऊ."

सभागृहात एक सुस्कारा फिरला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. उतरवायचं नाही, मोडायचं नाही, कुणाचा अपमान नाही. त्या गाडीच्या मालकिणीने डोळे पुसत माझ्याकडे बघून मान हलवली.

मी उभाच होतो. दुसऱ्या दिवशी ते सुरू करायचं असतं म्हणून आदल्या दिवशी थांबवायचं असतं, हे मला म्हणायचं होतं. आमच्या वडिलांनी दसऱ्याला लेथ सुरू केला नसता तर त्या पूजेला काही अर्थ नव्हता. मी एवढंच म्हणालो, "बट इट इज ओन्ली फॉर वन डे." अध्यक्षांनी मान डोलावली. त्या हसल्या, अगदी मायेने. त्यांना वाटलं मी त्यांना प्रथेची माहिती देतोय. माझा वेळ संपला होता आणि माझ्या मागे लायब्ररीच्या पार्किंगबद्दल बोलायला एक गृहस्थ उभे होते.

मी घरी आलो तेव्हा दादा जागा होता, खुर्चीत बसवलेला. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, सुपरवायझरसुद्धा. मला वाटलं तो त्याच्यावर चिडेल. तो म्हणाला, "तो बिचारा चांगलं सांगायला गेला." मग त्याच्यातला इंजिनिअर बोलला. थांबवणार म्हणजे कसं? वेल्ड मारणार की पिन घालणार? ब्रेकच्या तबकडीला आरपार भोक पाडून पोलादी पिन घातली आणि कुलूप लावलं तर यंत्राला काही होत नाही. विमावाल्यांचं समाधान होईल, आणि उद्या कोणाच्या मनात आलं तर पिन काढायची, झालं. वेल्ड मारला तर संपलं. त्याने शिल्पकाराला निरोप द्यायला सांगितलं. शिल्पकार म्हणाला, मी सांगतो त्यांना, पिनच घालायला लावतो. नगरपालिकेतूनही कोणीतरी मला फोनवर म्हणालं की तुमची सूचना संबंधित खात्याकडे पाठवली आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला वहिनींनी पाने आणि पक्कड पाटावर मांडले आणि दादाच्या हातावर हात ठेवून त्याच्याकडून हळदकुंकू वाहवलं. मी विचारलं, तळ्यावर जायचं का? वहिनी म्हणाल्या, "तिकडे कशाला? तिकडे नगरपालिकेनेच खंडेनवमी मांडलीय. बारा महिन्यांची." मग त्या आत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिल्या. भांडी दोनच होती.

पिन की वेल्ड, ते आम्हाला कळलं नाही. शिल्पकाराला विचारलं तर त्याला वाटत होतं पिनच घातली असेल. सुपरवायझर त्याच शरदात निवृत्त झाला होता. मी एकटा जाऊन बघू शकलो असतो, तळं माझ्या रोजच्या वाटेवर होतं. पण दादा म्हणाला होता, मला बरोबर घेऊन जा, एकटा बघू नकोस. तेव्हा मी तिकडे नजर न टाकता जायचो-यायचो. मग त्याची तब्येत कधी बरी नसायची, कधी बर्फ असायचा, कधी खुर्ची गाडीत जाईना. असं करत जानेवारी आला. तोपर्यंत त्याचं बोलणं इतकं जड झालं होतं की ते वहिनींना आणि मलाच कळायचं. घशाखाली पाणीही चमच्याने. एका शनिवारी दुपारी तो म्हणाला, आज.

दोघांनी मिळून त्याला गाडीत बसवलं. वहिनींनी दोन शाली, मफलर, वर स्वतःचा कोट असं त्याला गुंडाळलं आणि त्या मागच्या सीटवर बसल्या. तळ्याच्या काठाशी मी गाडी अशी लावली की त्याला समोरच्या काचेतून सगळं दिसावं. वायव्येचा वारा जोरात होता. बागेतल्या ध्वजस्तंभाची दोरी खांबावर टणटण आपटत होती. झाडं वाकत होती. मधोमध ती तीन पाती उभी होती, जराही न हलता.

दादाने ती पाहिली. मग म्हणाला, "जा. बघ."

बर्फ गुडघ्यापर्यंत होता. मी खांबापाशी पोचलो आणि मला पहिल्यांदा जाणवलं की कुठे बघायचं तेच मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तिथे नुसता कॉफी घेऊन उभा राहत होतो. हातमोजा काढून मी तबकडीवरचा बर्फ झाडला. तबकडी अखंड होती. भोक नाही, पिन नाही, कुलूप नाही. मला क्षणभर वाटलं की कोणी काहीच केलं नाही, नुसता ब्रेक ओढलेला आहे, दांडी सोडली की झालं. मी दांडी सोडली. ती सहज सुटली. पाती हलली नाहीत. मग मी मान वर केली. माझ्या डोक्याच्या जरा वर, जिथे फिरता भाग न फिरत्या भागावर बसतो, तिथे सभोवार राखाडी गाठी होत्या, मेण ओघळून थिजावं तशा. मी चवड्यांवर उभा राहून त्यांना हात लावला. त्यावर रंगही दिला होता, शिल्पाच्या रंगाशी जुळवून. ज्याने केलं त्याने नीटनेटकं केलं होतं.

परत येऊन मी दादाच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि सांगितलं की वेल्ड आहे.

"कुठे?"

मी सांगितलं. वर, कॉलरच्या ठिकाणी, सगळ्या बाजूंनी.

तो समोर बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आता फारसं काही उमटत नसे, स्नायूच राहिले नव्हते. "म्हणजे बेअरिंग गेलं," तो म्हणाला.

वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, वेल्ड घासून काढतात की. तुम्हीच काढायचात ना गराजमध्ये. भाऊजी कोणाला तरी बोलावतील." दादाने मान हलवायचा प्रयत्न केला. वेल्डच्या उष्णतेने आतलं बेअरिंग जळतं, वरून घासून काही होत नाही, एवढं त्याला सांगायचं होतं. ते तेवढं लांब वाक्य त्याच्याच्याने होईना. दोनदा सुरुवात करून त्याने सोडून दिलं. मीच अंदाजाने ते वाक्य वहिनींना सांगितलं. त्याने डोळे मिटून हो म्हटलं.

मी दरवाजा लावून माझ्या जागी येऊन बसलो. अंधारून आलं होतं. मुलं खांद्यांवर स्केट्स टाकून यायला लागली होती, काठावरच्या शेकोटीच्या खोलीत जाऊन बूट बदलत होती. मग तळ्याभोवतीचे दिवे लागले. आता ते नगरपालिकेच्या तारेवर होते. सगळे एकदम लागले आणि बर्फ पार पलीकडच्या काठापर्यंत पांढराशुभ्र दिसायला लागला. पोरांच्या टोप्यांचे रंगसुद्धा ओळखू येत होते.

दादा बघत होता. मग त्याने एकेक शब्द जुळवत म्हटलं, "उजेड चांगला पडलाय."

मी गाडी सुरू करायला किल्ली फिरवली. तो म्हणाला, थांब. वहिनींनी मागून हात पुढे घालून त्याचा मफलर सारखा केला आणि हात तिथेच राहू दिला. हीटर चालू ठेवून आम्ही बसलो. वारा गाडीला हिसके देत होता. मुलं घरी जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि तेवढ्या वेळात दिवे एकदाही मंद झाले नाहीत.